मालगुंडचं हॉटेल, मागच्या बाजूने

वरच्या खोल्यांचं मला विचारू नका. समुद्र दिसतो म्हणे, एसी गार आहे म्हणे, सकाळची आंबोळी झकास असते म्हणे. ते पार्टीवाले, म्हणजे गाडी भाड्याने घेऊन फिरायला येणारे, लिहितातच, फोटोसकट. मी साताऱ्याचा, पिवळ्या पाटीची अर्टिगा चालवतो. कुठल्याही हॉटेलात माझा मुक्काम मागच्या बाजूला असतो: जनरेटर, गॅसच्या टाक्या, धुण्याच्या दोऱ्या आणि वॉचमनची खुर्ची यांच्या मधे कुठेतरी. त्या बाजूचं कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहितोय. आधीच सांगून टाकतो, पाचपैकी चार स्टार. पाचवा का कापला तेही पुढे येईल.

गणपतीपुळ्याचं देऊळ मागे टाकून मालगुंडकडे निघालं की हे हॉटेल लागतं. फाटकातून गाडी आत घेतली तर वॉचमनचा पहिला प्रश्न, "उद्या किती वाजता निघणार?" मला वाटलं गप्पा मारतोय. तर नाही, त्याच्या हातात वही होती. पहाटे निघणाऱ्या गाड्या फाटकाच्या तोंडाशी, नऊनंतर निघणाऱ्या मधे आणि दोन-तीन दिवस राहणाऱ्या पार भिंतीला. ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांना यात काय विशेष असं वाटेल. विशेष हे की रात्री दीड वाजता कुणी काच वाजवून "दादा, गाडी जरा मागे घ्या, साहेबांना निघायचंय" म्हणत नाही. ड्रायव्हरची झोप मोडण्यात मच्छर एक नंबर, गाडी काढणं दोन नंबर. त्या दोन नंबरचा बंदोबस्त पाच रुपयांच्या वहीत होतो, हे इतकी वर्षं गाडी चालवून मी इथे पहिल्यांदा पाहिलं.

एरवी काय असतं? पार्टीला दारात उतरवायचं, बॅगा काढून द्यायच्या आणि मग रिसेप्शनवरच्या पोराला हळूच विचारायचं, "ड्रायव्हरचं काय?" तो पार्किंगकडे हात करतो. म्हणजे गाडीतच झोपा. सीट मागे पाडायची, काचा दोन बोटं खाली घ्यायच्या आणि मागच्या पार्टीतलं कुणीतरी विसरून गेलेलं जर्किन उशाला घ्यायचं. मे महिन्यात कोकणात अशी रात्र काढली की सकाळी सीटचं कव्हर पाठीला चिकटून येतं. एसी लावावा तर इंजिन चालू ठेवावं लागतं, इंधन आपल्या खिशातलं, आणि बेसमेंटच्या पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून झोपलं तर धुराने माणूस सकाळी उठेलच याचा भरवसा नाही. महाबळेश्वरला डिसेंबरात उलटं. काचा लावल्या की आतून दव, उघडल्या की हाडं वाजतात. एका मोठ्या हॉटेलात मी संडास विचारला तर उत्तर आलं, "स्टाफचा आहे तो, तुम्ही पेट्रोल पंपावर जा." पंप चार किलोमीटर. त्याच हॉटेलच्या लॉबीत काचेच्या चौकटीत लिहून लावलं होतं की निसर्गाच्या रक्षणासाठी टॉवेल रोज बदलून मागू नका. मी ते सगळं वाचून काढलं, खाली झाडाचं चित्र होतं तेही पाहिलं, आणि पंपावर गेलो.

सकाळी सातला पार्टी अंघोळी करून खाली येते. "काय मामा, झोप झाली ना?" झाली म्हणायचं. नाही म्हटलं तर त्यांना दिवसभर धाकधूक आणि आपल्याला पुढची ट्रिप नाही. मग त्याच डोळ्यांनी आंबा घाट चढायचा, धुकं असलं तर धुक्यातून, समोरून जयगडकडे जाणारे ट्रेलर. मागे बसलेल्यांनी एका रात्रीला पाच-सहा हजारांची खोली घेतलेली असते आणि त्यांची मुलंबाळं ज्याच्या हातात आहेत तो तुकड्या-तुकड्यांनी दोन तास झोपलेला असतो. नाइट भत्ता तीनशे, कुठे चारशे. त्यात चहा, जेवण, झोप सगळं बसवायचं. डिसेंबरात गणपतीपुळ्यात एवढ्या पैशात खोली राहू द्या, कुणी ओटासुद्धा देणार नाही.

इथली ड्रायव्हर रूम स्वयंपाकघराच्या मागे आहे, कौलारू, सुटी. आत सहा लोखंडी खाटा. गादीवरच्या चादरीच्या कोपऱ्यात हॉटेलचा शिक्का, म्हणजे वरच्या मजल्यावर घालतात तीच चादर. मला आधी वाटलं वरून बाद झालेल्या खाली आल्या असतील, म्हणून उलटून पाहिली, उजेडात धरून पाहिली. नाही, धड होती, इस्त्रीची घडी मोडलेली नव्हती. उशीला अभ्रा होता. ड्रायव्हरच्या उशीला अभ्रा घालायचा हे ज्याच्या डोक्यात आलं त्याच्या घरात कुणीतरी गाडीवर असणार, असं मला उगाच वाटलं. विचारलं तर खरंच निघालं: मालकांचे वडील रत्नागिरी-कोल्हापूर मार्गावर एसटीत ड्रायव्हर होते.

प्रत्येक खाटेच्या डोक्याशी वेगळा प्लग. ही साधी गोष्ट नाही. आमचं सगळं काम फोनवर चालतं आणि सहा जणांत एक बोर्ड असला की पहाटे कुणाचा तरी फोन मेलेला असतो. खाटेखाली कडी-कुलपाचं लाकडी खोकं, त्यात पाकीट, लायसन, गाडीची कागदपत्रं. खिडक्यांना जाळी, आणि ती फाटलेली नाही. बाहेर कपडे वाळत घालायला दोरी. भिंतीवर रंगाने लिहिलंय: साडेदहाला दिवा बंद. फोनवर बोलायचं तर ओट्यावर. दारू पिऊन येणाऱ्याला खाट नाही. शेवटची ओळ काही जणांना झोंबेल. मला पटली. एक जण रात्रभर बडबडत राहिला की बाकी पाच जणांची झोप गेलीच.

त्या रात्री आम्ही चौघे होतो. एक कोल्हापूरचा टेम्पो ट्रॅव्हलरवाला, एक मुंबईचा, आणि एक पुण्याचा कोवळा पोरगा, मालकाची गाडी घेऊन आलेला. त्याचा प्रोग्राम ऐकून आम्हीच दमलो. पहाटे चारला पुणे सोडलं, ताम्हिणी उतरून माणगावला हायवे, गणपतीपुळ्याला दर्शन, मग आरे-वारेने रत्नागिरी, थिबा पॅलेस, पावस, आणि रात्री परत मुक्कामाला इथे. पार्टीने तो इंटरनेटवर बघून बसवला होता. तिथे रस्त्याचे तास दिसतात, पण चालवणाऱ्याने जेवायचं कधी हे दिसत नाही. पोरगा ताटावर बसल्या बसल्या पेंगत होता. कोल्हापूरकर म्हणाला, "लेका, उद्या वाटेत डुलकी आली तर गाडी बाजूला घे, पार्टी ओरडली तर ओरडू दे." पोरगा म्हणाला, "मालक ओरडतो ना." यावर आमच्यातल्या कुणाकडेच उत्तर नव्हतं. तो साडेनऊला आडवा झाला आणि सकाळी साडेसहापर्यंत कुशीवर वळलासुद्धा नाही.

जेवणाचं जरा सविस्तर सांगतो, कारण त्यात एक गोम आहे. हायवेवरच्या ढाब्यांवर ड्रायव्हरला जेवण फुकट, वर शंभर-दोनशे हातात, हे आता सगळ्यांना माहीत आहे. ते पैसे ढाबेवाला घरून आणत नाही, पार्टीच्या बिलातून काढतो. मग ड्रायव्हर चांगल्या खानावळीवरून गाडी पुढे काढतो आणि पाकीट मिळतं तिथे थांबवतो. मला हे आवडत नाही, पण करणाऱ्याला नावं ठेवायला जीभ रेटत नाही. भत्ता तीनशे आणि घरी हप्ता असेल तर माणूस काय करणार? या हॉटेलात पाकीट नाही. मी काही विचारायच्या आतच मालक म्हणाले, "दादा, कमिशन आमच्याकडे नाही. झोप मात्र चांगली मिळेल." पार्टी इथे उतरलेली असेल तर खाटेचे पैसे नाहीत. जेवणाचे शंभर रुपये, पावती मिळते. बांगड्याचं तिखलं, तांदळाची भाकरी, भात, सोलकढी; शाकाहारी असाल तर डाळिंबी उसळ. भाकरी मागितली की तव्यावरची येते. जेवायला स्वयंपाकघराशेजारच्या पडवीत टेबल मांडलेलं आहे आणि वेळ आठची, म्हणजे पार्टीच्या आधी. ही वेळ कुणी ठरवली त्याला माझा नमस्कार. बाकी ठिकाणी पार्टी साडेदहाला हात धुते, मग आमच्या पुढ्यात उरलंसुरलं येतं आणि पाठ टेकायला बारा वाजतात.

आमच्या स्टँडवर युनियनचे एक जुने गृहस्थ बसतात. कायदा विचारला की ते १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा काढायचे. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८, सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती, आणि कामगाराला रात्री जिथे थांबावं लागतं तिथे त्याच्या विश्रांतीच्या जागेची जबाबदारी मालकाची. हे ऐकून नवी पोरं हसतात. हसू येणारच, कारण तो कायदा पाच किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या धंद्याला होता, आणि माझ्या ओळखीतले बहुतेक एक गाडीवाले नाहीतर दोन गाडीवाले. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा नव्या श्रमसंहितेत गेला. पार्किंगमधल्या रात्रीत मला तरी अजून फरक पडलेला नाही.

तमिळनाडूने मात्र वेगळी वाट काढली. तिथल्या सरकारने २०२३ मध्ये बांधकामाच्या नियमांतच घातलं की हॉटेल-लॉजने पाहुण्यांच्या ड्रायव्हरसाठी झोपायची सोय आवारात किंवा २५० मीटरच्या आत करायची. आमच्याकडून रामेश्वरच्या ट्रिपा पुष्कळ जातात, त्यामुळे ही बातमी स्टँडवर लगेच पोचली. नंतरच्या ट्रिपेत मला मदुराईला लॉजवर खाट मिळाली आणि पुढच्या मुक्कामाला पुन्हा सीटच. तरी तिथे बोट दाखवायला कागद तरी आहे. नियम बांधकामात घातला हे मला विशेष आवडलं. मालक बदलतो, मॅनेजर बदलतो, खोली एकदा बांधली की राहते.

या हॉटेलात काम करणाऱ्यांचंही थोडं सांगतो. मागच्या बाजूला राहिलं की ते आपोआप दिसतं. झाडलोट आणि चादरी बघणाऱ्या बायका जवळच्या वाडीतल्या आहेत. आमच्या खोलीतल्या चादरी बदलणाऱ्या मावशींना विचारलं, सुट्टी कधी? म्हणाल्या, "मंगळवारी. अंगारकी आली की बदलते, पण बुडत नाही हो भाऊ." अंगारकीला गणपतीपुळ्यात पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा हे समजण्यासारखं आहे. पगार बँकेत, फंड कापला जातो. गौरी-गणपतीत हॉटेल चक्क बंद असतं, गौरी-विसर्जन होईपर्यंत. चाकरमानी मुंबईहून घरी आलेला असताना घरची बाई दुसऱ्यांच्या खोल्या पुसतेय हे मालकांना बरं वाटत नाही, असं मावशींचं म्हणणं. मी म्हणेन, बंद ठेवलं नसतं तरी त्या दिवसांत कामावर आलं कोण असतं? शिमग्याला निम्म्यांना आधी सुट्टी, निम्म्यांना नंतर.

मला जास्त महत्त्वाचा वाटला तो पावसाळा. कोकणात जून लागला की पर्यटन थंडावतं आणि बऱ्याच ठिकाणी पोरांना सांगतात, आता दसऱ्यानंतर या. चार महिने तो पोरगा करणार काय? मुंबई गाठतो, तिथे काहीतरी मिळतं आणि परत येत नाही. मग नोव्हेंबरात नवा, शिकाऊ पोरगा, आणि पार्टी तक्रार करते की सर्व्हिस नाही. इथे पावसात पगार चालू असतो. रंगकाम, पडदे-चादरी शिवणं, बागेची कामं, गाद्या उसवून पिंजून पुन्हा भरणं. मुख्य आचारी म्हणाला की या स्वयंपाकघरातलं त्याचं हे बारावं वर्ष. त्याच्या हातच्या तिखल्याला दर वेळी तीच चव का, ते तिथेच कळतं.

आता पाचवा स्टार. बाथरूम एकच, खाटा सहा. चौघं होतो तर सकाळी रांग लागली. सहा असते तर कुणाला तरी बागेतला नळ गाठावा लागला असता. गिझर लहान, तिसऱ्याला कोमट पाणी. जनरेटर आमच्या भिंतीला लागून आहे. रात्री लाइट गेली की वरच्या मजल्यावर फक्त पंखा बंद पडून पुन्हा सुरू होतो, आमच्याकडे खाट थरथरते. त्या रात्री एकदाच गेली, पण पावसाळ्यात काय होत असेल ते मालगुंडच्या माणसाला विचारा.

आणि बाई ड्रायव्हर आली तर? मी हे मॅनेजरला विचारलं. पुण्या-मुंबईत बायका टॅक्सी चालवतात, आज ना उद्या पार्टी घेऊन कोकणात उतरतीलच. तो जरा गोंधळला, मग म्हणाला, "मावश्यांची खोली आहे ना, तिथे करू काहीतरी." ती खोली मी पाहिली: दोन खाटा आणि एक शिलाई मशीन. 'करू काहीतरी' हे उत्तर आम्ही आयुष्यभर ऐकत आलोय, त्यामुळे यावर अर्धा स्टार कापायला मला वाईट वाटलं नाही. उरलेला अर्धा बाथरूमचा. मालकांना सांगितलंय, ते ऐकून घेतात. या पावसात मागे आणखी एक बाथरूम बांधायचं चाललंय म्हणाले. बांधलं तर हे खोडून वर लिहीन.

पार्टीवाल्यांना एक सांगणं. बुकिंग करताना तुम्ही फोनवर पन्नास गोष्टी विचारता: नाश्ता धरून का, एक्स्ट्रा बेड किती, देवळापासून अंतर किती. त्यातच विचारा, "आमच्या ड्रायव्हरला झोपायला जागा आहे का, आणि संडास-बाथरूम?" बरेचदा समोरून उत्तर येतं, "हो, पार्किंग आहे." तेव्हा पुन्हा विचारा. हा प्रश्न आम्ही विचारून उपयोग नाही, पैसे तुम्ही देता. दहा पार्ट्यांनी विचारलं की अकराव्याच्या वेळी मॅनेजर मालकाच्या कानावर घालतो. आणि शक्य असेल तर प्रोग्राम बसवताना ड्रायव्हरला एकदा विचारा. आम्ही तुमचं ठिकाण कापत नाही, फक्त पावस आज की उद्या एवढं सांगतो.

जायचं असेल त्यांच्यासाठी: साताऱ्याकडून येताना कराड-मलकापूर-आंबा घाट, मग पाली, हातखंबा, निवळी, आणि निवळीवरून जाकादेवी-चाफे मार्गे पुळे. फाटकाचं वळण जरा अवघड आहे, सतरा सीटर असेल तर आत एकदम घुसवू नका, वॉचमनला हाक मारा, तो बाहेर येऊन उभा राहतो. शनिवार-रविवारी सहाही खाटा भरतात, म्हणून पार्टीने खोल्या बुक करतानाच ड्रायव्हरची खाट सांगून ठेवायची. रात्री साडेदहानंतर पोचणार असाल तर आधी फोन करा, आचारी तुमच्या वाटणीचं झाकून ठेवतो. मच्छर अगरबत्ती मात्र स्वतःची न्या, जाळी कितीही चांगली असली तरी दार उघडतंच.